पंधरा घरांची मंडळी आणि कपाटातल्या वह्या

प्रश्न असा आहे: "सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीत नुकताच पाळक म्हणून आलो आहे. पंधरा घरं उरली आहेत, रविवारी वीसेक माणसं असतात. म्हातारी माणसं सारखी मिशनच्या काळाबद्दल बोलतात. साहेबांचा बंगला, दवाखाना, शाळा, नाताळचा थाट. त्या आठवणींखाली मंडळी दबून गेल्यासारखी वाटते. या आठवणींचं मी काय करू? आणि इथे आज मिशन म्हणजे नेमकं काय?"

सलाम.

तुमची तक्रार मला तोंडपाठ आहे, कारण १९८४ साली मीच ती केली होती. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. दुष्काळी माळ, रविवारी भरलेलं देऊळ, टाळ-ढोलकीवरचं ख्रिस्ती कीर्तन, अशा मंडळीत वाढलेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एसटीच्या टपावर ट्रंक आणि वळकटी टाकून कोकणात उतरलो, तेव्हा पावसानं समोरचा रस्ता दिसत नव्हता. पहिल्या रविवारी देवळात आठ माणसं. त्यातल्या दोघी ओल्या छत्र्या ठेवायला कोपरा शोधत होत्या आणि एक जण गळक्या कौलाखाली घमेलं सरकवत होता. उपासना झाल्यावर एका आजींनी मला बाजूला घेतलं. "पाळकानू," त्या म्हणाल्या, "माणसा कमी इली म्हणान उपासना आखूड करू नकात. साहेबाच्या येळेक..." आणि मग पाऊण तास साहेबाची वेळ. पुढं दोन वर्षं मी ती साहेबाची वेळ ऐकत होतो. शेवटी वैतागून आमच्या एका वडीलधाऱ्या पाळकांना चार पानी पत्र लिहिलं. उत्तर पोस्टकार्डावर आलं, एका ओळीचं. "कपाट उघडलंस का?"

तेच तुम्हाला विचारतो. उघडलंत का?

देवळाच्या मागच्या खोलीत एक कपाट असतंच. किल्ली बहुतेक वेळा मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे कारभार बघणाऱ्या पुढाऱ्यांपैकी, सगळ्यांत ज्येष्ठ असतील त्यांच्याकडे असते आणि ते ती सहजासहजी देत नाहीत; त्यांच्या घरी दोन-तीनदा चहा पिऊन मग मागा. आत बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि दफनाची वही, सेशनची, म्हणजे पाळक आणि वडिलांच्या सभेची, इतिवृत्तं, शब्बाथशाळेची (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाची) हजेरी, अर्पणाचा जमाखर्च असं काय काय सापडेल. नशीब असेल तर जुन्या जमाखर्चात मोडीतली पानंही. पहिलं वर्ष मंडळीत काही सुधारायला जाऊ नका, या वह्या वाचा. प्रवचनाची तयारी यातूनच होईल.

वाचताना नावांपेक्षा 'गाव' या रकान्याकडे लक्ष ठेवा. मी तो रकाना बोटानं खाली खाली वाचत गेलो आणि चक्रावलो. आमची म्हातारी माणसं ज्या मंडळीला 'इथली मूळ मंडळी' म्हणायची, तिच्या पहिल्या पानावर गावातलं घर एकच होतं. बाकी सगळे कुठून कुठून आलेले. कोल्हापूरहून बदलून आलेले पंतोजी. मिरजेत शिकलेला कंपाउंडर. नगरकडची बायबलबाई, म्हणजे घरोघरी बायकांना बायबल वाचून दाखवणारी, जिच्या नवऱ्याच्या नावापुढे 'मयत' एवढंच. छप्पन्नाच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली आणि इथल्या मास्तरांशी लग्न होऊन आलेली मुलगी. बेळगावचा सुतार. बंगल्यावरचा स्वयंपाकी, त्याचं गाव गोव्यातलं. ही सगळी परकी माणसं. त्यांना मालवणी येत नव्हती, मासे सगळ्यांना आवडत नव्हते, आणि पहिल्या पावसात बहुतेक सगळेच तापानं झोपले असणार. माझ्यासारखेच. त्या दिवसापासून साहेबाच्या वेळेची मला अडचण वाटेनाशी झाली. उलट मीच विचारायला लागलो, 'तुमची आजी कुठून आली होती?' यावर म्हातारी माणसं आधी गप्प होतात. मग जे सांगतात ते ऐकण्यासारखं असतं.

आता मिशनच्या इतिहासाबद्दल. तुमच्याकडची मंडळी म्हणत असतील की मिशन इथं पहिल्यापासून मुरलेलं होतं. तसं नव्हतं. कोकणात प्रोटेस्टंट मिशनचं पाऊल पडलं ते १८२३ साली, स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं, सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटला. पहिले आलेले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णैला शाळा काढल्या. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट आले, ते मराठी शिकायला याच किनाऱ्यावर राहिले आणि वर्ष संपायच्या आत मुंबईला गेले. पुढे विल्सन कॉलेजला त्यांचं नाव लागलं. जॉन स्टीव्हन्सनही इथून पुण्याकडे गेले आणि १८३३ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण छापून आलं. रॉबर्ट नेस्बिट हर्णैला होते, तेही शेवटी मुंबईत. दहा-बारा वर्षांत हे ठाणं जवळपास मोडलं. ताप, मृत्यू, आणि बाप्तिस्मे अगदी हाताच्या बोटांवर. थोडक्यात, कोकणात ते मराठी शिकले आणि पुढं निघून गेले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या गावची मुलं तेव्हापासून आजवर हेच करत आली आहेत.

एक गंमत सांगतो, हवी तर प्रवचनात वापरा. आपल्या मराठी बायबलात गालील समुद्रावरच्या नावेला 'मचवा' म्हटलं आहे. नगरला लहानपणी मला तो शब्द पवित्र, परका, फक्त बायबलातला वाटायचा. इथं आलो आणि बंदरावर एक तांडेल पोरावर ओरडत होता की मचव्यातलं पाणी उपस. मी तिथेच थांबलो. त्यानंतरच्या रविवारी योहानाचा एकविसावा अध्याय घेतला. रात्रभर जाळं टाकून हाती काही नाही, मग उजव्या बाजूला टाका असं किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतो, आणि एकशे त्रेपन्न मासे. उपासनेनंतर एका मासेवाल्या बाईंनी विचारलं, "मोजल्यान कोणी?" अजून मला या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलेलं नाही. पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर वाटे करताना मासे मोजावेच लागतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दक्षिणेकडचं मिशन वेगळं, अमेरिकन प्रेस्बिटेरियन. त्यांचं मूळ ठाणं कोल्हापूरचं. रत्नागिरीला ते १८७३ मध्ये आले आणि वेंगुर्ल्याला १९०० च्या सुमारास. तुमच्या भागातल्या आठवणी बहुधा याच काळच्या आहेत, म्हणजे वेंगुर्ल्याचं सेंट लूक्स हॉस्पिटल, डॉक्टर गोहीन, परिचारिकांची शिस्त. तिथल्या मंडळींना एक गोष्ट सांगायला फार आवडते आणि ती खरी आहे. डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ ला वेंगुर्ल्यात जन्मला. तो पुढे १९५७ ते १९७२ अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत. सांगू द्या त्यांना. पण सांगून झालं की हळूच विचारा, त्या दवाखान्यात रात्रपाळीला कोण असायचं? मलमपट्टी कोण करायचं? दुखणाईत बाईला खाटेवर घालून आणणाऱ्या घरच्यांशी मालवणीत कोण बोलायचं? साहेबांची नावं अहवालांत छापलेली आहेत. या बाकीच्या माणसांची नावं फक्त तुमच्या कपाटात आणि चार-पाच म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहेत. दोन्हीकडे वाळवीला फार वेळ लागत नाही.

म्हणून कामाच्या गोष्टी सांगतो. वह्यांचं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पायांखाली फरशीचे तुकडे द्या. पावसाळ्यात वह्या उघडू नका. ऑक्टोबरचं ऊन पडलं की व्हरांड्यात, सावलीत, वाऱ्यावर पसरा. थेट उन्हात शाई उडते. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका आणि कुणी कितीही उत्साहानं म्हणालं तरी लॅमिनेशन करू नका. दिवसाच्या उजेडात फोननं पानापानाचे फोटो काढा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मोडीतली पानं वाचणारा माणूस शोधा. शिकवण्याचे वर्ग चालतात, एखादा हौशी मुलगा मिळतो. विवाहाच्या वहीची काळजी जास्त घ्या, ती १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवलेली नोंद आहे आणि कुणाच्या तरी नातवाला पासपोर्टासाठी, वारसासाठी तिची गरज पडतेच. आणि म्हाताऱ्या माणसांना रेकॉर्डर समोर ठेवून 'मुलाखत' विचारू नका, ती एकदम शुद्ध बोलायला लागतात आणि सगळं खोटं वाटायला लागतं. काजू सोलताना, मासे साफ करताना जवळ बसा.

देवळाबद्दलही एवढ्यात सांगून टाकतो. भिंती जांभ्याच्या असतील तर सिमेंटचा गिलावा करू नका. आमच्याकडे मुंबईच्या एका दानशूर घरानं प्रेमानं करून दिला आणि दोन पावसाळ्यांत आतून भिंती फुगल्या, कारण जांभा पाणी पितो आणि ते बाहेर पडायला त्याला वाट लागते. चुना लावा. कौलं मेच्या पहिल्या आठवड्यात परतून घ्या, नंतर माणूस मिळत नाही. आणि ही मंगलोरी कौलं कुठून आली हे शब्बाथशाळेच्या पोरांना सांगा. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि आज आपल्या किनाऱ्यावर देवळांवर, मशिदींवर, शाळांवर, गोठ्यांवर तीच घडण आहे. मिशनची सगळ्यांत जास्त पसरलेली गोष्ट कोणती असं मला विचाराल तर मी वर बोट दाखवीन.

यावरून फळ कशाला म्हणायचं हा प्रश्न निघतो आणि तो तुमच्या प्रश्नाच्या पोटातच आहे. दापोलीला एस.पी.जी. या इंग्रज मिशनरी संस्थेची शाळा होती. तीच आजची ए.जी. हायस्कूल, आल्फ्रेड गॅडनी यांच्या नावाची. त्या शाळेतून मॅट्रिक झालेला एक मुलगा म्हणजे पांडुरंग वामन काणे. त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. ज्यांनी वर्गणी गोळा करून ती शाळा चालवली, त्यांना हे आपल्या कामाचं फळ वाटलं असतं का? मला शंका आहे. माझ्यापुरतं विचाराल तर मला ते पुरेपूर वाटतं. शाळेनं पोराला वाचायला शिकवलं, त्यानं काय वाचावं हे तिच्या हातात नव्हतं, आणि असूही नये.

उलट बाजूची गोष्ट नारायण वामन टिळकांची. जन्म १८६१ चा, दापोलीजवळ करजगावचा. म्हणजे कोकणचाच मुलगा, पण इथल्या मिशनशी त्यांचा काही संबंध आला नाही. बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत, बहुतेक काम नगरकडे. आज मात्र तुमच्या देवळात रविवारी टिळकांचं एक तरी पद म्हटल्याशिवाय उपासना होत नसणार. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते सांगत, आणि कोकणात त्यांची पदं ऐकली की ते पटतं. आमच्याकडे पेटीवर बसणारे मास्तर होते, पण पखवाज वाजवणारं कुणी नव्हतं. शेजारच्या वाडीतले एक भजनी बुवा, डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यांत, नाव असलेले, नाताळच्या आदल्या रात्री पखवाज घेऊन यायचे. बावीस वर्षं आले. अभंगाची चाल त्यांना कळायची, शब्दांत ते ढवळाढवळ करत नसत. आमच्या नव्या तरुण संघानं एके वर्षी कीबोर्ड आणला आणि बुवांना कळवायचंच राहून गेलं. ते ठरल्या वेळी आले, मागच्या बाकावर पखवाज मांडीवर घेऊन बसले आणि उपासना संपल्यावर सगळ्यांना हॅपी ख्रिसमस म्हणून गेले. पुढच्या वर्षी मी स्वतः आमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. माझ्या पूर्ण सेवेत मला सगळ्यांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर याची.

दफनाचंही बोलायला हवं, कारण ते तुम्हाला सेमिनरीत कुणी शिकवलेलं नसणार. घाटावर माती असते, चार माणसं तासा-दीड तासात कबर खणतात. इथं खाली कातळ. जांभा पहारीनं फोडायचा, सुटे दगड बाहेर काढायचे, पावसाळ्यात फोडता फोडता खड्डा पाण्यानं भरतो. दिवस जातो. पंधरा घरांच्या मंडळीत पहार उचलणारे हात किती? माझ्या पहिल्या दफनाला, श्रावणात, मी कबरस्थानात पोचलो तर आठ माणसं कामाला लागलेली आणि त्यातली सहा आमची नव्हती. दोन मुसलमान वाडीतले, चार शेजारचे कुळवाडी. कुणी बोलावलं होतं? कुणीच नाही. घंटा ज्या ठेक्यानं वाजली त्यावरून त्यांना कळलं होतं. पाणी उपसायला एकानं घरचा पंप आणला होता. मुंबईचा मुलगा पोचेपर्यंत थांबायचं होतं, गाडी पनवेलला अडकलेली, आणि कबर पुन्हा भरू नये म्हणून ते लोक आळीपाळीनं पाणी काढत संध्याकाळपर्यंत बसले. मी 'शेजारी कोण' हा दृष्टान्त सेमिनरीत मूळ ग्रीक शब्दांसकट शिकलो होतो.

तेव्हा घंटेचा ठेका बदलू नका. लाउडस्पीकरवरची रेकॉर्ड लावू नका. गाव तो ठेका ओळखतं.

गाव तुम्हाला 'फादर' म्हणेल, ते दुरुस्त करत बसू नका. इथल्या लोकांना ख्रिस्ती म्हणजे इगर्जीतले हेच माहीत, कारण कॅथलिक इथे कितीतरी जुने आणि संख्येनं जास्त. २००५ पासून सिंधुदुर्गाचा त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांतही आहे. 'फादरची बायको' हे ऐकून माझी पत्नी पहिल्यांदा चपापली, मग हसायला लागली, आणि शेवटी बाजारात तिला सगळे 'फादरीण' म्हणायला लागले. झावळ्यांच्या रविवारी खजुरीच्या झावळ्या शोधत फिरू नका. इथं माडाचं चुडत आहे, त्याची विणलेली फुलं आमच्या बायका अशी करायच्या की कॅथलिक शेजारणी बघायला येत.

आता दोन कडू गोष्टी. पहिली जातीची. सेशनच्या जुन्या वहीत तुम्हाला ती सापडेल, घाबरू नका. आमच्या वहीत प्रभुभोजनाच्या प्याल्यावरून झालेलं भांडण आहे. एक वडील, शिकलेले, नव्यानं आलेल्या कुटुंबासोबत त्याच प्याल्यातून घ्यायला तयार नव्हते म्हणून उठून गेले. तीन महिन्यांनी परत आले आणि त्याच प्याल्यातून घेतलं. नोंद चार ओळींची आहे, नावं खोडलेली आहेत, पण शाईखालून वाचता येतात. ती खोडणाऱ्याच्या नातवाला मी ओळखत होतो. आठवणी म्हणजे नुसता नाताळचा थाट नव्हे, हेही त्यांतच येतं, आणि हे पान तुम्ही झाकून ठेवलंत तर बाकीच्या पानांवर कुणी विश्वास का ठेवावा? दुसरी गोष्ट जमिनीची. सातबारा आणि फेरफार बघा, विश्वस्तांच्या बदलाच्या नोंदी धर्मादाय आयुक्तांकडे झाल्यात का बघा, एखाद्या शहाण्या वकिलाकडून तपासून घ्या, आणि त्यापलीकडे त्यात स्वतः उतरू नका. मी एकदा उतरलो. चार वर्षं प्रवचनाऐवजी तारखा तयार करत होतो.

मंडळीचं वेळापत्रक मुंबईवर चालतं, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. तुमच्या वहीतली निम्मी माणसं नालासोपारा, दिवा, बदलापूर इथे असणार. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा आम्हाला वाटलं लोक वरचेवर येतील. आले, पण सकाळी येऊन रात्रीच्या गाडीनं परत जायलाही लागले. बाप्तिस्मे, लग्नं, दृढीकरण सगळं मे महिन्यात ठेवा आणि त्या महिन्यात आजारी पडू नका. वर्षातून तीनदा तरी तुम्हीच मुंबईला जा. सभा वगैरे नको. घरी जा, बाथरूमच्या शेजारी मांडलेल्या गॅसवर चहा होईपर्यंत बसा, गावच्या म्हातारीचे गुडघे कसे आहेत ते सांगा. जिचा मुलगा दिव्याला आहे तिला दर आठवड्याला बाजारातून औषध आणून देणं हे तुमच्या मिशनचं काम आहे. अहवालात त्याला रकाना नाही, म्हणून तो रकाना तुम्हीच आखा.

आणि मिशन आज कुठे आहे, याचं उत्तर मला निवृत्तीच्या आदल्या वर्षी मिळालं, तेही मी शोधत नसताना.

आंब्याच्या बागांची राखण करायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेपाळी कुटुंबं येतात आणि मेअखेर जातात, हे तुम्ही पाहिलं असेल. गावात त्यांना सगळे 'गुरखे' म्हणतात आणि नाव विचारत नाहीत. एका डिसेंबरात एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन देवळाच्या दारात उभं राहिलं. चपला काढल्या, 'जय मसीह' म्हणाले. आम्ही 'सलाम' म्हणालो. मागच्या बाकावर बसले. मी पद सांगितलं, आणि त्या माणसानं उपासना संगीत हे आमचं पदांचं पुस्तक उघडून बरोबर पान काढलं आणि म्हणायला लागला. उच्चार निराळे, चाल माहीत नाही, अर्थ निम्माच कळत असणार, पण अक्षर देवनागरी, त्यामुळे एकही शब्द चुकला नाही. आमच्या पेटीवाल्या मास्तरांनी लय कमी केली, त्याला पोचता यावं म्हणून. पुढच्या रविवारी ते सात जण होते. फेब्रुवारीत असा एक रविवार आला की त्यांची माणसं आमच्यापेक्षा एकानं जास्त होती, आणि मग देवळात कुजबुज सुरू झाली.

मार्चमध्ये त्यांनी बाळाच्या बाप्तिस्म्याचं विचारलं. कमिटी बसली. दाखला आहे का? नाही. त्यांच्या गावी पाळक आहे, फोनवर बोलू शकेल, कागद नाही. एक वडील, ज्यांचा मी मनापासून आदर करतो, म्हणाले, "मेमध्ये जातली ती. आमच्या वहीत नाव कित्याक?" मी काही बोललो नाही. कपाटातून पहिली वही आणली आणि पहिलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. तिथं त्यांच्या आजीचं नाव होतं, गाव केडगाव, पालक 'माहीत नाही', दाखल्याच्या रकान्यात आडवी रेघ. त्यांनी ते बराच वेळ वाचलं. "आजयेचा येगळा होता," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. माझ्या अपेक्षेप्रमाणे त्यांचं मन एकदम वगैरे वितळलं नाही. पण त्यांनी विरोधात हात वर केला नाही, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी वहीत लिहायला नेहमीसारखे तेच बसले, कारण मंडळीत त्यांचंच अक्षर सगळ्यांत चांगलं.

बाळाचं नाव लिहिलं. आईबापाचं लिहिलं. गाव विचारलं. बाप म्हणाला, सुर्खेत. मंडळीच्या त्या वडिलांनी पेन थांबवून ऱ्हस्व-दीर्घ विचारलं, मग वळणदार अक्षरात लिहिलं. साक्षीदार म्हणून सही करायला त्या पहिल्या रविवारच्या आजींची सून पुढे आली. तीही आता आजी झालेली. सही करण्याआधी तिनं रकान्यावर बोट ठेवलं.

"ह्यो गाव खंय इलो?"

वडिलांनी तिच्याकडे न बघता शाईवर फुंकर घातली.

"मुंबयच्या फुडे," ते म्हणाले.